रुखमाबाईची खुर्ची

माणसाची किंमत तो कुठल्या खुर्चीवर बसला यावर ठरत नाही, त्यानं कुठली खुर्ची दुसऱ्यासाठी सोडली यावर ठरते. हे वाक्य मी माझ्या विनोदी सदरात इतक्यांदा वापरलं, की शेवटी संपादकानं हात जोडले. परवा ते मला पुन्हा आठवलं तेव्हा मी गडचिरोलीत, विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात, पंख्याखालच्या खुर्चीवर बसलो होतो. खुर्ची रुखमाबाईची होती.

झालं असं, की शेजारच्या वामनराव दुर्ग्यांची संघप्रिया एम.एस्सी. झाली. घराण्यातली पहिली. आईबापासाठी दोन पास मिळाले. पोरगी तालमीसाठी सकाळीच आत गेली. मी आपला ऑटोत जागा होती म्हणून सोबत गेलेलो. तर फाटकापाशी वामनरावांनी बायकोच्या हातातला पास काढून माझ्या हातात ठेवला.

"भाऊ, तुमच्यासारखा लिहिणारा माणूस बाहेर उभा राह्यला, तर आमची काय इज्जत?"

"नाई नाई, हे बराबर नाई," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. पंगतीत जिलबीला म्हणतात तसं.

"जा ना भाऊ," रुखमाबाई म्हणाल्या. "मले तिथलं भाषण काय समजते? मी इथीच बसतो. फक्त पोरीचं नाव घेतील ना, तेवढं याच्यात भरून आना." त्यांनी आपला मोबाईल मला दिला. आणि नवी निळी साडी नेसलेल्या, पायाला लागणारी नवी चप्पल घातलेल्या त्या बाई मोटारसायकलींच्या रांगेशेजारी कडुनिंबाखाली जाऊन बसल्या.

आत भाषणं झाली. प्रत्येकात मातृशक्तीचा गौरव होता. मी टाळ्या वाजवल्या.

मग संघप्रियाचं नाव पुकारलं. मी मोबाईल डोक्याच्या वर धरला. पोरीनं पदवी घेतली आणि आमच्या रांगेकडे पाहिलं. बाप दिसला, हसली. मग नजर बाजूच्या खुर्चीवर आली. तिथं मी. हसू तिनं मागे घेतलं नाही, गुणाची पोर. पण ते माझ्यासाठी नव्हतं, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही. मी हात हलवला. काऊन हलवला, कुणास ठाऊक.

समारंभ सरताच ती धावत बाहेर आली. बापाशी बोललीच नाही. खांद्यावरचं उपरणं काढून तिनं आईच्या गळ्यात घातलं.

"आई, तू काऊन नाई आली?"

"भाऊ होते ना आतमधी. भरून आनलं त्याईनं. दाखवा भाऊ."

मोबाईल सुरू झाला. पडद्यावर मी होतो. कॅमेरा माझ्याकडेच तोंड करून राहिला होता. आधी चष्मा, मग नाकपुड्या, शेवटी माझा हलणारा हात. मागून माईकचा आवाज मात्र स्वच्छ आला होता: "संघप्रिया रुखमा वामनराव दुर्गे."

रुखमाबाई थबकल्या. "माझं बी नाव घेतलं?"

"घेतलं," वामनराव मोटारसायकलींकडे पाहत पुटपुटले.

बाईंनी मोबाईल कानाला लावला. पुन्हा ऐकलं. पुन्हा. मी आयुष्यभर लोकांना हसवलं. त्या झाडाखाली मी चष्मा पुसत राहिलो. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"भाऊ, तुमचा चेहरा काढून नुसता आवाज ठेवता येते का?"