झिप ड्राइव्हची उत्तरपूजा

आमचे हे, माधवराव, गणिताचे मास्तर. मासिकाबरोबर आलेली सीडी घालून घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसलं आणि लिनक्स बसवलं, तेव्हापासून पेणमध्ये कुणीही भेटो, ह्यांचं एकच पुराण. "फुकट हाय हो!" फुकट कसलं? माझं डोकं गेलं त्यात.

त्या सकाळी आमच्या लेकीला, ईराला, रोह्याच्या एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. धरमतरच्या खाडीतल्या पाण्यावरचा तिचा अहवाल तिथे दाखवायचा होता. फोटोंसकट तो फ्लॉपीत मावेना, म्हणून मैत्रिणीकडून झिप ड्राइव्ह आणलेला. त्याच्या जाडजूड डिस्कमध्ये कितीतरी फ्लॉपींचं मावतं, आणि कंपनीतही तसलाच ड्राइव्ह होता. लिनक्सला तो आधी दिसेचना. मग ह्यांनी काहीतरी खटपट केली, स्वतःलाच शाबासकी दिली आणि सगळं डिस्कवर उतरवलं.

पण डिस्क बाहेर येईना. ईरा बटण दाबून दाबून थकली. एसटीची वेळ झालेली. शेवटी डिस्क जबरदस्तीने काढायला ड्राइव्हला जे बारीक भोक असतं, त्यात घालायला तिने पिन उचलली.

"अगं ए, हात लावू नको!" हे ओरडले. "आपण पेणची माणसं ना? उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती जागची हलवतो का? ड्राइव्ह माउंट केला, म्हणजे प्रतिष्ठापना झाली. आता अनमाउंट करायचा. तशीच ओढलीस तर अहवाल अर्धवट राहील."

"मग करा की उत्तरपूजा! मंत्र येतो ना?" मी म्हटलं.

मंत्र टाइप झाला. मशीन म्हणालं, डिव्हाइस बिझी. पुन्हा केला, पुन्हा बिझी.

ईराचे डोळे भरले. "बाबा, ही नोकरी गेली ना..."

"आतली फाइल कुणीतरी उघडून बसलंय," हे पुटपुटले.

"कोण बसणार? घरात आपण तिघंच!"

ह्यांनी मागे दडलेली खिडकी पुढे आणली. तिच्यात ईराचा अहवाल उघडा होता. ह्यांचे कान लाल झाले. "मीच बसलोय. नीट उतरलंय का बघत होतो."

"त्याला पहिलं पान पुरतं," मी म्हटलं. "तुम्ही तर शेवटाला पोचलात!"

शहाण्णव मार्क मिळाले तर 'चार कुठे सांडलेस' विचारणारा हा माणूस. लेकीला कधी 'छान' म्हणाल्याचं मला तरी आठवत नाय.

खिडकी बंद झाली, मंत्र लागू पडला आणि डिस्क खट्कन बाहेर आली. ईराने ती पर्समध्ये टाकली, दारापर्यंत गेली आणि वळली. "कसा वाटला, बाबा?"

हे मॉनिटरकडेच बघत म्हणाले, "बाहेर पडावंसं वाटत नव्हतं गो."

ईरा धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. मलाही भरून आलं, पण कुणीतरी भानावर राहायला नको?

"मिठ्या संध्याकाळी मारा," मी म्हटलं. "एसटी थांबणार नाय!"