पुढचीच्या मागं

रीताच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानाजींनी, सुनेला नाचायला कधी नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं सिंदी मेघे गावात जो तो तेच सांगत सुटला. नानाजींचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला 'नाही' न म्हणता वाटेला लावण्यात त्यांची हयात गेली होती. सुनेपाशी त्यांनी तीच विद्या वापरली, एवढंच.

रीता मूळची हिंगणीची, शेतकऱ्याची पोर. लग्नाआधी दोन वर्षं ती पुण्यात नोकरीला होती आणि तिथं ट्रायबल बेलीडान्स शिकली. नावावर जाऊ नका. अरबी मुलखातल्या नाचांवरून अमेरिकेतल्या बायकांनी बांधलेला हा घोळक्याचा नाच. घेरदार घागरा, बोटांत चिमुकल्या झांजा, आणि आधीपासून ओळीनं बसवलेलं काहीच नाही. जी पुढं उभी ती हाताची, खांद्याची खूण करते, आणि मागच्या त्याच क्षणी तेच करतात. मग फिरता फिरता दुसरी पुढं येते आणि पहिली मुकाट तिच्या मागं जाते. रीताला नाचापेक्षा हेच जास्त आवडलं होतं. घरात तिनं पुढं उभी असलेली बाई कधी पाहिलीच नव्हती.

पियुषशी लग्न होऊन ती इथं आली आणि २००७ साली दुकानाच्या माडीवर तिनं क्लास काढला. पोरी मिळाल्या तीन. आचल आणि रुख्मिणी कॉलेजातल्या, आणि तिसरी अपेक्षा, ब्लाउज शिवणाऱ्या विमलाबाईंची. दोन महिने रीतानं त्यांना नुसतं उभं राहायला शिकवलं. गुडघे सैल, छाती उचललेली, मान ताठ. पोरी कंटाळल्या तेव्हा कुठं कंबर हलली.

"वावरात निंदणाले बाया जातात न?" ती म्हणायची. "पुढची जसा हात चालवते तशा मागच्या चालतात. तसंच हे."

"आन पुढचीच चुकली तं?" आचलनं विचारलं.

"तं साऱ्याजणी चुका. साऱ्या चुकल्या का पाहणाऱ्याले वाटते, हे असंच असते. पन एकटी मागं उभी राहू नका. तेवढं सोडून सारं माफ."

अपेक्षा सगळ्यांत पक्की. खूण पुरती व्हायच्या आत तिचं अंग वळलेलं असायचं. रीताचा तिच्यावर जीव जडला होता.

गावानं चार महिने दम धरला, मग कुजबुज सुरू झाली. दुकानदाराची सून माडीवर पोरींना काय शिकवते, इथपर्यंत गोष्ट आल्यावर नानाजींनी तिला बोलावलं.

"मी नाई म्हणतो काय, रीता? पन एकदा लोकायले दाखवून दे. महिला मंडळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं नाचा. दहाची दहा मिनिटं झाली, का माडी तुयी. मंग कोनाचं आयकाचं कामच नाई. नाई जमलं, तं बाई, काउंटरवर बसजो."

"जमते, मामाजी," रीता म्हणाली.

तिनं लांब चोळ्या शिवून घेतल्या. बेलीडान्स, आणि बेली कुणाचीच दिसेना! तरी तिनं तेही सोसलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं. रीतानं आधी माईक घेतला. हा नाच आधी पाठ केलेला नाही, आमच्या खुणा शोधा, खूण सापडली की टाळी द्या, असं तिनं सांगितलं. मागं काही बाया पदरात हसल्या. पण नाच सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला एका म्हातारीनं खूण ओळखून टाळी दिली. मग साऱ्या बायांना नादच लागला. टाळ्या खुणेबरोबर पडू लागल्या. रीताला वाटलं, जिंकलं.

सहाव्या मिनिटाला तिनं पुढची जागा अपेक्षाला दिली.

त्याच वेळी नानाजी देवळीच्या पाहुण्यांना घेऊन आत आले आणि दुसऱ्या रांगेत बसले. अपेक्षासाठी देवळीचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, आणि पोरगी नाचते हे त्या लोकांना माहीत नव्हतं. अपेक्षानं मुलाच्या आईला पाहिलं. तिचा उजवा हात वर गेला आणि मनगट वळलं. ही आत जायची खूण.

रीताला फक्त अपेक्षाची पाठ दिसत होती. चार मिनिटं बाकी आहेत हे तिला कळत होतं. पण पाय शिकवल्यासारखे वळले. चौघी एका रांगेत, झांजा वाजवत, नीट आत गेल्या. बाहेर कॅसेट वाजतच राहिली.

"ताई, देवळीचे आले," एवढंच अपेक्षा बोलली आणि खाली बसली.

घरी जेवताना नानाजी भाकरी मोडत म्हणाले, "मी काई बोललो काय? लोक तं टाळ्या वाजवून राह्यले होते. तूच निंगून गेली."

पियुष ताटाकडं पाहून म्हणाला, "बाबा बोलले नाईत, हे खरं आहे."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रीता दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसली, माडीवर कापडाची थानं चढली, आणि ती रोज सासऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालू लागली. अपेक्षाला मात्र तिनं कधी दोष दिला नाही. पोरीचं लग्न मोडलं असतं.

देवळीच्या लोकांना कुणी नाचाचं सांगितलं नाही. नानाजींनी तर नाहीच. त्यांचं काम झालं होतं. मार्चमध्ये अपेक्षा होणाऱ्या सासूबरोबर लग्नाच्या बस्त्याला दुकानात आली. सासू पलीकडं शालूंचा पोत पाहत होती, तेव्हा अपेक्षा काउंटरवर वाकली.

"ताई, एक इचारू? तुम्ही काऊन आल्या माह्या मागं?"

रीतानं हातातलं पावतीपुस्तक मिटलं.

"मले जाचंच होतं. पन मले वाटलं, तुम्ही थांबसान. तुम्ही थांबल्या असत्या तं त्या दोघीबी थांबल्या असत्या. चारच मिनिटं तं होती."

इतके महिने पोसलेला राग रीताच्या हातून निसटला, आणि त्याच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं.

"मीच तसं शिकवलं होतं न," ती म्हणाली.

"हो न," अपेक्षा म्हणाली. "आमाले शिकवलं होतं."