फवारणीवाल्याचं घर

हरिदास बिडी पीत नाही, हे मनकर्णाने नागपूरच्या दवाखान्यात भेटेल त्याला सांगितलं. केसपेपर काढणाऱ्याला सांगितलं, नर्सबाईला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. नवऱ्याचं झाकणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचं विचारलं, "बरं, दारू?"

दारूही नाही, तंबाखूही नाही. हरिदासचा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन परत येताना छोट्या लाईनच्या गाडीतून चिलीम बाहेर फेकून आलेला माणूस. त्याच्या घरात खर्ऱ्याची पुडीसुद्धा कधी आली नाही. अशा माणसाच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या, गाठींचा कॅन्सर निघाला, आणि जो तो त्याच्यातच खोट शोधायला बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

तो काम काय करतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. शेवटी तिनेच सांगितलं.

"पावडर मारते साहेब. मलेरियाची. घरोघरी जाऊन. आमची पोरगी गेली, तवापासून मारून राह्यले."

डॉक्टर तरुण होता आणि सकाळपासून उभा होता. "त्याचा याच्याशी संबंध आहे असं म्हणता येत नाही," तो म्हणाला.

"संबंध नाई हाये, का तुमाले मालूम नाई?"

"मनकर्णे, चूप बस," हरिदास स्टुलावरून पुटपुटला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मालूम नाही, बाई."

खरं बोलला म्हणून तिने त्याच्यावरचा राग सोडून दिला. बाकीच्यांवरचा तसाच ठेवला.

त्यांचं गाव सिंदेवाहीपासून जंगलाच्या अंगाला. पुढे तलाव, मागे झाडी, मध्ये धानाच्या बांध्या. तिथे हिवताप दर वर्षी हक्काने यायचा, एखाद्या चिवट सोयऱ्यासारखा, आणि जाताना कोणाला तरी घेऊन जायचा. हरिदास-मनकर्णाची सुजाता पोळ्याच्या दिवशी अंगणात बैलांमागे धावत होती. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ताप तिच्या डोक्यात चढला आणि लाकडी बैल ओढणारी पोरं दारावरून जात असतानाच ती गेली. पुढच्या हंगामात हरिदास फवारणीच्या चमूत लागला. काम हंगामी होतं, पण त्याने ते व्रतासारखं केलं.

एक जण पाण्यात पावडर कालवलेल्या बादलीत पंप मारायचा आणि दुसरा नळी धरायचा. नळी नेहमी हरिदासच्या हातात. आणि ती नळी हातात असली की गावातलं कुठलंही दार त्याला बंद नव्हतं. ज्या घरांच्या अंगणात त्याच्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, त्या घरांच्या माजघरात, सैपाकघरात, थेट देवघराच्या भिंतीपर्यंत तो जायचा. "देव झाकून घ्या बाई," असं अदबीने म्हणायचा. मालकीण हंडे-गुंड उचलून बाहेर उभी राहायची. घरी आला की हरिदास हे रंगवून सांगायचा आणि पोट धरून हसायचा. त्याच्या मिशीवरसुद्धा पावडर असायची.

पण चमू गावाबाहेर पडली रे पडली की त्या घरांमध्ये पोतेरं निघायचं. शेणामातीचा काला करून बायका भिंती सारवायला लागायच्या. पावडरीचा वास येते, ढेकणं वाढते, भिंतीवर पांढरे चट्टे दिसते, अशी कारणं पुष्कळ होती. त्यातलं खरं कोणतं, हे मनकर्णाला कोणी सांगायची गरज नव्हती. पावडर तिच्या शेजारच्या बायकाही थोडीफार सारवायच्या, पण सवडीने. मोठ्या घरांमधली घाई वेगळी होती.

"आपल्या घराले पोतेरं लागनार नाई," तिने तेव्हाच जाहीर करून टाकलं. "ते लोक पावडर पुसते का तुमचा हात पुसते, मले सगडं समजते."

ती बोलली तशी वागली. हंगाम संपेपर्यंत तिच्या भिंती पांढऱ्याच असायच्या. हरिदासला त्याचा इतका अभिमान, की बादलीत उरलेलं पाणी तो घरी आणून आपल्याच भिंतींवर दुसरा हात मारायचा. त्या भिंतींना टेकून ते जेवले, त्या भिंतींशी अंथरूण लावून झोपले. त्याचे खाकी कपडे ती बोडीवर, शेताजवळच्या छोट्या तळ्यावर, धुवायची, तेव्हा पाणी ताकासारखं व्हायचं. आपण नवऱ्याचा मान धुतोय, असंच तिला वाटायचं.

नागपूरच्या सुया सुरू झाल्या आणि हरिदासचे केस गेले, भुवया गेल्या, ती मिशी गेली. पेजेचे चार घोट पोटात राहिले तरी दिवस चांगला म्हणायचा. अशाच एका दिवशी मोठ्या घरची गिरजाबाई त्याला बघायला आली. मनाने वाईट बाई नव्हती. तांब्याभर दूध घेऊन आली होती. भिंतीकडे बघून म्हणाली, "तू सारवत नाई का वं मनकर्णा? आमी तर त्याच दिवशी सारवून टाकतो. तो वास काई चांगला नाई बाई मानसाले."

मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दूध घेतलं, तांब्या विसळून परत दिला, आणि गिरजाबाई गेल्यावर चुलीपुढे बसून आपल्याच मांडीवर मूठ आपटत राहिली. ज्यांनी हरिदासचा हात पुसला, त्यांची घरं धडधाकट. आणि जिने त्याचा मान राखला, तिच्या घरी गाठी! बरं, याला पुरावा काय? काही नाही. डॉक्टरलाच मालूम नाही, तर तिला कुठून असणार? पण मालूम नाही म्हणजे झालं नाही, असं थोडंच असतं? इतकी वर्षं ज्यांनी ती पावडर पोत्यांनी पाठवली, त्यांनी तरी मालूम करून घ्यायचं होतं. तिला रडू आलं नाही. रागाने रडायलाही जागा ठेवली नव्हती.

जेठ लागला तसा फवारणीचा इन्स्पेक्टर सायकलवरून घरी आला. हरिदासच्या खाटेजवळ बसला, त्याची विचारपूस केली. मग म्हणाला, "तुझी जागा रिकामी आहे. बाहेरचा माणूस लावण्यापेक्षा घरातलाच असू दे म्हटलं. लहानूला पाठवतोस?"

लहानू हा हरिदासचा धाकटा भाऊ. मागच्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं, आणि बायको पोटुशी. धानाच्या रोवणीची मजुरी सोडली तर हाताला काम नाही. हरिदासचा चेहरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उजळला. "पाठवतो ना साहेब. नळी त्याच्याच हातात द्या."

इन्स्पेक्टरची सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मनकर्णाने दम धरला.

"लहानू जानार नाई."

"काऊन नाई जानार?" हरिदास उठून बसला. "या गावातल्या किती पोरी वाचल्या या पावडरीनं, हाये का तुले मालूम?"

"मालूम हाये. म्हनूनच तर इतके दिवस तोंड दाबून होती. पन ह्या गाठी कुठून आल्या, थे सांगा."

"नशीब."

"वा! बाबासाहेबाच्या फोटोखाली बसून नशीब म्हनता? तुमच्या बापानं चिलीम फेकली, तवा हे नशीबबी फेकाले पाह्यजे होतं!"

हरिदासने तोंड भिंतीकडे फिरवलं. दारात उभा असलेला लहानू खाली मान घालून म्हणाला, "वैनी, दुसरं काम कुठी हाये मले? भाऊनं नाव कमावलं म्हनून तर साहेब घरी आले. मी जातो."

"जा," ती म्हणाली. "मंग तुया बायकोलेबी आताच सांगून ठेव, नागपूरची गाडी कुठून सुटते थे."

लहानूची बायको आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं, हे मनकर्णाला मागाहून कळलं. तिला वाईट वाटलं, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

फवारणीची सुरुवात दर वर्षी हरिदासच्या घरापासून व्हायची. फवारणीवाल्याचं घर आधी, म्हणजे गावाला नाही म्हणायला तोंड राहत नाही. या वर्षीही चमू सकाळीच अंगणात आली. लहानूने भावाचे खाकी कपडे घातले होते. ते त्याला दंडात घट्ट होत होते. खाट मांडवाखाली काढून घेतली होती आणि तीवर हरिदास नवरदेवासारखा ताठ बसला होता. चैतू म्हणून जुना गडी होता, त्याने बादलीत पावडर कालवली आणि पंप आत सोडला.

मनकर्णा दाराच्या चौकटीत उभी राहिली. तिने भांडी बाहेर काढली नव्हती.

"या घरात पंप येनार नाई."

"अहो बाई," इन्स्पेक्टर म्हणाला, "फवारणीवाल्याच्याच घरी नाही म्हटल्यावर गाव काय म्हणेल?"

"गावाले म्हनू द्या. घरात बिमार मानूस हाये."

"बाजूले हो, मनकर्णे," हरिदास खाटेवरून म्हणाला. आवाज बारीक, पण हुकमाचा.

ती हलली नाही. इन्स्पेक्टरला भांडण वाढवायचं नव्हतं. "बरं, आधी गोठा उरकून घ्या," तो म्हणाला. चैतूने पंप मारायला सुरुवात केली. लहानूने गोठ्याच्या भिंतीवर नळी धरली. पण पाणी येईना. दोन थेंब गळले आणि थांबलं. पावडरीचा गोळा नळीच्या टोकात अडकला होता. लहानूने टोक काढून उलटंसुलटं झटकलं, गवताची काडी घालून पाहिली.

चैतू हसायला लागला. "काडीनं काय होते गा? भाऊचा भाऊ ना तू? फुक मार ना तोंडानं! तुया भावानं असे हजार मोकळे केले."

सगळे जुने गडी तसंच करायचे. टोक ओठांत धरायचं, गाल फुगवून फुंकायचं, आणि तोंडात आलेलं पचकन थुंकून पुढच्या घरी जायचं. ज्याची फुंक जोरकस, तो गडी पक्का. लहानूने ओशाळून भावाकडे पाहिलं आणि टोक ओठांशी नेलं.

"तोंड लावू नोको!"

हरिदासच्या अंगात एवढा आवाज उरला असेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. तो खाटेवरून उठला, दोन पावलांवर कोलमडला, आणि हातापायांवर तसाच रांगत लहानूपाशी गेला. त्याने टोक हिसकून दूर फेकलं. स्वतःच्या दुपट्ट्याने भावाचं तोंड खसाखसा पुसायला लागला. "थुक! थुक म्हनतो ना! पानी आन मनकर्णे, चूळ भरू दे त्याले!"

लहानू घाबरून थुंकत राहिला. मनकर्णाने पाण्याचा गुंड आणून त्याच्यापुढे ठेवला.

"अरे हरिदास," इन्स्पेक्टर चाचरत म्हणाला, "तू स्वतः तर इतकी वर्षं..."

"मी फुकत होतो, म्हनूनच सांगून राह्यलो, साहेब."

किती महिने मनकर्णाला त्याच्या तोंडून हे ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि राग शमायच्या ऐवजी उलटून थेट त्याच्यावरच आला.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "कवापासून?"

हरिदास जमिनीवरच बसला होता, धापा टाकत. "पयल्या हंगामापासून. जीभ बधिर होये. हात कापत. रात्री काई खाल्लं का कडू लागे."

"आन् मले नाई सांगतलं? घरच्या भिंतीले दुसरा हात मारत होते! लहानूले आज आपल्या हातानं पाठवत होते!"

"सांगतलं असतं तर तू पंप खाली ठेवाले लावला असता." त्याने वर पाहिलं. भुवया नसलेले त्याचे डोळे उघडेबोडके दिसत होते. "आन् पंप ठेवला असता, तर मी पुन्हा त्या लोकायच्या अंगनातच उभा असतो ना, मनकर्णे. मले वाटलं, लहानूले तरी आतपर्यंत जाता येईन."

मनकर्णा अधिकच संतापली, आणि इन्स्पेक्टरकडे वळली.

"पावडर मारा साहेब. मी नाई म्हनत नाई, माही पोरगी तापानंच गेली. पन मारनाऱ्याले हातमोजे द्या, तोंडाले बांधाले द्या, नळी साफ कराले तार द्या. तोवर या घरचा मानूस पंप धरनार नाई."

"बाई, ते सामान वरून येत नाही. मी काय करू?"

"मंग वरच्यायलेच फुकाले लावा!"

इन्स्पेक्टरने टोपी नीट केली. पावसाळा तोंडावर होता आणि काम थांबवून चालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. चैतूने फेकलेलं टोक धुळीतून शोधून काढलं, कोणाकडे न बघता खिशात टाकलं आणि चमू पुढच्या घराकडे निघाली. लहानू अंगणातच राहिला. गुंड संपला तरी तो चूळ भरायला पाणी मागत होता, आणि त्याच्या बायकोने आतून दुसरा भरून आणला.

हरिदासला स्वतःहून उठता येईना. मनकर्णाने त्याच्या काखेत हात घातला. इतकी वर्षं त्याने आपल्याला फसवलं, हे तिला त्या क्षणी माफ करता येत नव्हतं, आणि तिने केलंही नाही. तिने दात आवळून त्याला उचललं. तो इतका हलका झाला होता की तिला लहानूला हाक मारावी लागली नाही.