सहा रुग्णांचा आठवडा

चाकणजवळच्या आरोग्य केंद्रात उझ्मा रुजू झाली त्याला तीनच महिने झाले होते. शिक्षण संख्याशास्त्राचं, काम रुग्णांच्या आकड्यांवर नजर ठेवायचं. काविळीचे रुग्ण आठवड्याला सरासरी दोन यायचे. त्या सोमवारी तिनं बेरीज केली तर सहा निघाले.

क्वचित घडणाऱ्या घटनांची शक्यता काढायचं पॉयसनचं सूत्र तिनं लावलं. सरासरी दोन असताना एका आठवड्यात सहा किंवा जास्त रुग्ण निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी. ती धावत डॉ. बुद्धभूषण यांच्याकडे गेली.

"सर, साथ असावी. योगायोगानं असं साठ आठवड्यांतून एकदाच होतं."

डॉक्टर म्हणाले, "आपल्यासारखी केंद्रं किती आहेत? साठेक. मग दर आठवड्याला सरासरी एका केंद्रात असं होणारच की. या वेळी आपल्याकडे झालं असेल."

हिशोब त्यांचाही बरोबर होता. उझ्मा गोंधळली. शेवटी सहा पत्ते घेऊन ती निघाली.

चार पत्ते एकाच चाळीचे निघाले. त्या चार रुग्णांतले दोघं तर नवरा-बायको. सूत्र धरून चालतं की एकाच्या आजाराचा दुसऱ्याच्या आजाराशी संबंध नाही. इथे तर सगळे एकाच टाकीचं पाणी पीत होते. मग तिचा आकडाही डळमळला आणि डॉक्टरांचाही.

चाळीच्या मालकीण शालनबाई दारातच उभ्या होत्या. "टाकी धा दिवसांमागं धुतलीया, ताई. माझी सून बी त्या चौघांतच हाय."

उझ्मानं पाणी तपासलं. क्लोरीन व्यवस्थित होतं. पण काविळीचा विषाणू अंगात शिरल्यावर आजार दिसायला कित्येक आठवडे लागतात. आजचं पाणी महिन्यापूर्वीच्या पाण्याबद्दल काय सांगणार? तरी तिनं खोल्याखोल्यांत जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोनच रुग्ण आले, चाळीतला एकही नाही. त्यानंतरच्या आठवड्यात एक.

ती सुनेची तब्येत बघायला गेली, तेव्हा शालनबाई म्हणाल्या, "पाणी उकळलं म्हनून थांबलं, व्हय ना?"

"नाही मावशी. त्याचा परिणाम इतक्या लवकर दिसत नाही."

"मग टाकी धुतली म्हनून?"

"सांगता येत नाही."

शालनबाईंचा आवाज खाली आला. "आमच्याच टाकीनं झालं का गं? खरं सांग. सून इचारती, मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

उझ्माला हो म्हणता येईना, नाही म्हणवेना. "मला खरंच माहीत नाही," ती म्हणाली. शालनबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

अहवालात 'कारण' या रकान्यात उझ्मानं 'अनिश्चित' लिहिलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.