डाव्या बाजूचं दार

मर्विनने खिशातून वही काढली आणि रोलंडने आपल्या या जुन्या मित्राकडे पाठ फिरवली. हे सातवं गॅरेज होतं. आधीच्या सहा ठिकाणी ती वही अशीच बाहेर आली होती, आणि सहाही वेळा दोघं हात हलवत परत गेले होते.

आजचा प्रवासही मर्विनच्या हट्टापायी बसने झाला होता. ज्येष्ठांचा फुकट पास साडेनऊनंतर चालतो, आणि फुकट मिळतंय ते सोडायचं कशाला, हे त्याचं म्हणणं. तीन बस बदलून दोघं लेमस्टर गावाच्या पुढे उतरले, अर्धा मैल चिखल तुडवला आणि गाडी विकणाऱ्या आयव्हरच्या शेडपाशी पोचले. रोलंडचे मोजे ओले झाले होते. आपण रबरी बूट घालून आलोय, हे मर्विनने त्याला दोनदा ऐकवलं होतं.

शेडमध्ये हिरवी कॉर्बेट उभी होती. कॉर्बेट म्हणजे १९५३ सालची उघडी, दोन माणसांची रेसची गाडी. अस्सल गाड्या एकोणीसच बनल्या, आणि त्या श्रीमंतांच्या कुलपांत आहेत. बाकीच्यांनी नकलेवर भागवायचं. अशी नक्कल एखादा माणूस शेडमध्ये दहा-बारा वर्षं राबून स्वतःच्या हाताने बनवतो, आणि गुडघे गेले की विकायला काढतो. ही गाडी आयव्हरने अकरा वर्षांत बनवली होती. तो आता ब्याऐंशीचा होता आणि त्याचा डावा गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता.

रोलंडला अशी गाडी तीस वर्षं हवी होती. बायको, ग्वेन, तीस वर्षं नको म्हणत होती. "त्या टबात बसून मरायचंय का तुला?" असं म्हणायची. ऑक्टोबरात ग्वेन गेली. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, पडदा मधोमध झिजत चाललाय, अजून दोन उन्हाळे गाडी चालवाल, फार तर तीन. आता मे संपत आला होता. पहिला उन्हाळा मर्विनच्या वहीत खर्च होत होता.

"बॉनेटवर चाळीस रिव्हेट," मर्विन वाकून म्हणाला. "बेचाळीस हवेत."

"मर्विन, पुरे."

"सांगायला नको का? कॉर्बेट क्लबची नोंदवही कोण सांभाळतं? मी. उद्या तू मेळाव्यात गेलास की लोक मोजतील."

"लोक मोजत नाहीत. तू मोजतोस."

आयव्हर हाताची घडी घालून उभा होता. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेला, सरळ उभ्या लावलेल्या पाहून मर्विनने पसंतीची मान डोलावली, तेव्हा तो थोडा सैलावला. जुने मिस्त्री तसं करत, म्हणजे एखादा ढिला झाला की लांबूनच दिसे. आयव्हर म्हणाला, "त्याला एक अख्खा हिवाळा गेला."

"हे काम चोख आहे," मर्विनने कबूल केलं. रोलंडला जरा आशा वाटली. मग मर्विन वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि थबकला.

"हे काय?"

"दार," आयव्हर म्हणाला.

"दिसतंय मला. पण कॉर्बेटला एकच दार. उजवीकडे, ड्रायव्हरचं. डावीकडे सलग पत्रा."

"माझ्या बायकोच्या दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झालीत. ती काय कुंपण ओलांडल्यासारखी उडी मारून बसणार होती?"

"तुमचा प्रश्न समजतो हो मला. पण ही कॉर्बेट नाही राहिली. रोलंड, घाबरू नकोस, यावर उपाय आहे. बिजागऱ्या काढायच्या, वरून पत्रा ठोकायचा, रंग मारायचा. दार होतं हे कुणाला कळणारही नाही."

आयव्हरने ताडपत्री उचलली आणि गाडीवर ओढायला सुरुवात केली.

"चहा पिऊन निघा," तो म्हणाला. "परतीची बस सव्वादोनला आहे."

"अहो, मी फक्त—"

"साहेब, ते दार बनवायला मला आठ महिने लागले. तीनदा फेकून दिलं आणि पुन्हा केलं. त्यावर पत्रा ठोकणाऱ्याला मी गाडी विकत नाही. विषय संपला."

रोलंडला ग्वेनच्या आजारपणातही इतका संताप आला नव्हता. तेव्हा कोणावर चिडायचं ते कळत नव्हतं, आता समोर माणूस होता.

"मर्विन, ती वही खिशात घाल. बाहेर जा. त्या झाडाखाली उभा राहा आणि मी बोलावेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. झाडालासुद्धा."

"तुझ्याच भल्यासाठी—"

"जा!"

मर्विन गेला. रोलंडने ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. "एक चक्कर मारू द्या. मग हवं तर हाकलून द्या."

आयव्हरने त्याच्याकडे बघून घेतलं. मग डावीकडचं दार उघडलं, ताठ पाय आधी आत घेतला आणि बसला. रोलंडला उजवीकडून आत शिरताना दोनदा दम खावा लागला.

कुंपणांमधली अरुंद वाट, पुढे मोठा रस्ता. इंजिनाचा आवाज छातीत बसत होता. वारा तोंडावर असा आदळत होता, की रोलंड मोठ्याने हसला आणि ते त्यालाच ऐकू आलं नाही. मोठ्या रस्त्यावर मधली पांढरी रेघ एका जागी किंचित वाकलेली दिसली. ती वाकलेली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. त्याने वेग कमी केला आणि एका फाटकापाशी गाडी थांबवली.

"चालवतोस नीट," आयव्हर म्हणाला. "त्या पंडिताला कशाला घेऊन हिंडतोस?"

"त्याला सगळं माहीत असतं."

"किती गाड्या पाहिल्यात?"

"ही सातवी."

"आणि सगळ्यांना तो नाही म्हणाला. बायको काय म्हणते?"

"बायको नाही. ऑक्टोबरात गेली. तीसुद्धा नाहीच म्हणायची."

"मग काय! एक नाही म्हणणारी गेली, तर दुसरा धरून आणलास."

रोलंडला राग आला. बाजूला शेतातल्या मेंढ्या दोघांकडे बघत होत्या.

"विकणार आहात की नाही, तेवढं सांगा," तो म्हणाला.

"दाराचं काय करणार?"

"काही नाही. आहे तसं राहील."

"कोणासाठी?"

"कोणासाठीही नाही. तिथे बसायला कोणी नाही माझं. ग्वेन असती तरी बसली नसती, केस विस्कटतात म्हणाली असती. पण दार बुजवत बसायला मला वेळ नाही हो. डोळे चाललेत. दोन उन्हाळे आहेत, त्यातला एक सुरू झालाय."

आयव्हरने गुडघा चोळला.

"कागद स्वयंपाकघरात आहेत," तो म्हणाला. "चल."

परत आल्यावर विम्याच्या बाईशी फोनवर पाऊण तास गेला. ही कॉर्बेट नाही, कॉर्बेटसारखी आहे, हे तिला चारदा सांगावं लागलं. मर्विन तोवर खरोखरच झाडाखाली उभा होता. रोलंड किल्ली घेऊन बाहेर आला, तसा तो धावत आला.

"घाई करू नकोस. लिंकन शहराजवळ आणखी एक आहे, मी माहिती काढलीय. बेचाळीस रिव्हेट, एकच दार."

"घेतली."

"घेतली म्हणजे?"

"म्हणजे माझी झाली. बस आत, घरी जाऊ."

मर्विन डावीकडे गेला. दाराकडे बघितलं. मग दाराला हात न लावता त्याने पत्र्यावर दोन्ही हात टेकले आणि एक पाय उचलून वरून आत टाकला. तिथेच तो अडकला. एक रबरी बूट सीटवर, दुसरा अंगणात.

"मर्विन, दार आहे ना तिथे!"

"मूळ गाडीत असंच चढायचे."

"मूळ गाडीत चढणारे पंचवीस वर्षांचे होते, गाढवा! तू एकोणऐंशीचा आहेस!"

"मला एक मिनिट दे."

"मिनिटं नाहीत माझ्याकडे," रोलंड म्हणाला, आणि मर्विनचा एक पाय बाहेर असतानाच त्याने इंजिन सुरू केलं.