पोटगीदाखल

"पुन्हा एकदा, वर्लिन. 'पोटगीदाखल' हा शब्द निकालपत्रात आला कुठून?" हॅस्केट साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझ्याच डोक्यातून, साहेब. म्हणजे टॅक्सवाल्याने घातला आणि मी तो वकिलाच्या गळी उतरवला."

"तुझ्या डोक्याची गोष्ट नको. 'टॅक्स वाचावा म्हणून घातला.' एवढं बोलायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं."

"बरं."

"बरं नको म्हणूस. म्हणून दाखव."

वर्लिनने म्हणून दाखवलं. शाळेत कविता विसरलेलं पोर म्हणतं तसं.

हॅस्केट साहेबांच्या कचेरीत मी बावीस वर्षं दिवाळखोरीचे अर्ज भरते आहे. खोटं बोल असं साहेब कोणालाच सांगत नाहीत. खरं किती बोलायचं तेवढं सांगतात. आमच्या लायमा गावात त्यांच्याइतका सरळ वकील नाही, असं मी त्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. अजूनही सांगते, पण जरा हळू आवाजात.

वर्लिन स्टकी विहिरींचे पंप दुरुस्त करतो. इथल्या निम्म्या शेतांवरच्या बोअरमधून त्याने कधी ना कधी दोनशे फूट पाइप हाताने ओढून काढलाय. त्यातच पाठ गेली. ऑपरेशन झालं, आठ महिने काम बंद, मग दवाखान्याची बिलं, क्रेडिट कार्डं, घराचे थकलेले हप्ते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी वर सात वर्षांपूर्वीच्या घटस्फोटाची देणी. म्हणून तो आमच्याकडे आला. कायद्याचं तेरावं प्रकरण लावायचं, पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, घर वाचवायचं आणि उरलेलं कोर्टाने पुसून टाकायचं. कचेरीत आम्ही त्याला नुसतं 'तेरावं' म्हणतो. माणूस पुरता रडून झाल्यावरच तिथवर येतो.

घटस्फोटातल्या वकिलांच्या फीची तऱ्हाच न्यारी आहे. स्वतःच्या वकिलाची थकलेली फी दिवाळखोरीत बुडते. वर्लिनसाठी रक्त आटवलेल्या म्हाताऱ्या किओ वकिलाचे बेचाळीसशे डॉलर असेच गेले. ते कळलं तेव्हा वर्लिनचा चेहरा उतरला. "तो भला माणूस आहे हो, बाई. त्याचे बुडवायचे आणि तिच्या वकिलीणबाईचे भरायचे?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, कायद्याला भलं-बुरं कळत नाही, नावं कळतात.

तिच्या वकिलीणबाई म्हणजे प्रुइट. आर्लीनच्या, म्हणजे वर्लिनच्या आधीच्या बायकोच्या. त्यांची फी नवऱ्याने 'पोटगीदाखल' भरावी असं निकालपत्रात होतं. पाठ जाईपर्यंत वर्लिनने हप्ते भरलेही. अकरा हजार चारशे राहिले होते. ती रक्कम खरोखर आर्लीनच्या पोटासाठी होती असं ठरलं, तर तिच्यातला एक सेंटही सुटणार नव्हता. नुसती दोघांतली वाटणी होती असं ठरलं, तर तीही बाकीच्या देण्यांबरोबर पुसली जाणार होती. पुसली गेली तर वर्लिनला घराचे हप्ते झेपत होते, नाही तर नाही. मी तीन वेळा बेरीज करून पाहिली होती.

आणि तो शब्द त्याने स्वतः घातलेला. त्या काळी पोटगीचा पैसा टॅक्समधून वजा व्हायचा. मार्चमध्ये दुकान मांडणाऱ्या आणि मेमध्ये गायब होणाऱ्या एका टॅक्सवाल्याने त्याला सांगितलं, फीलाही पोटगीच म्हणा, वर्षाला चारपाचशे सुटतील. ते सुटले. आता त्याच शब्दाने घर गिळायला तोंड उघडलं होतं.

टोलेडोच्या कोर्टात आम्ही नऊला पोचलो. साहेब आत गेले. बाहेरच्या बाकावर आर्लीन बसलेली. शाळेच्या मुदपाकखान्यातून अर्धी रजा टाकून आली होती.

"डोक्याची जाळी काढायची राहिलीय तुझी," वर्लिन म्हणाला.

तिने हात लावून पाहिला आणि जाळी ओढून पर्समध्ये कोंबली. "सकाळी सातपासून नूडल्स ढवळतेय. आरशात बघायला सवड कुणाला आहे? पाठ कशी आहे?"

"जागेवर आहे."

"वाकतोस का?"

"वाकतो. उठताना देव आठवतो."

ती हसली नाही. म्हणाली, "प्रुइट बाई म्हणतात, तू सुटलास तर त्या माझ्या मागे लागणार. त्यांना नेमलं तेव्हाच्या कागदावर सही माझी आहे ना."

"म्हणजे अकरा हजार तू भरायचे?"

"नाही तर काय शाळा भरणार?"

वर्लिनने माझ्याकडे पाहिलं. "हे मला कुणी सांगितलं नाही."

मला ठाऊक होतं. साहेबांनाही. मी फायलीची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले. बावीस वर्षांत मला कामाची लाज वाटली नव्हती, ती त्या बाकावर वाटली.

"तसं बघू नकोस," आर्लीन म्हणाली. "तुला हवं ते सांग आत. घर तुझं आहे. मी काही पदर पसरायला आले नाही, समन्स आलं म्हणून आले."

साक्षीच्या खुर्चीत वर्लिन जाकिटाचं बटण लावून बसला. साहेबांनी विचारलं, त्याने पढवलेलं बरोबर म्हटलं. टॅक्स वाचावा म्हणून. शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं. साहेब समाधानाने खाली बसले.

मग प्रुइट बाई उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मिस्टर स्टकी, शब्द राहू द्या बाजूला. घटस्फोटाच्या वेळी तुमची बायको राहत कुठे होती?"

"बहिणीच्या तळघरात."

"कमाई?"

"नव्हती. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. नोकरी गेली होती."

"मग वकिलाची फी ती कशातून देणार होती?"

साहेब उठले, "हा अंदाज झाला," म्हणाले. न्यायाधीश बाईंनी हात वर केला. "त्यांना माहीत असेल तर सांगू दे."

वर्लिनने जाकिटाचं बटण सोडलं. मी मनात म्हणत होते, 'माहीत नाही' म्हण. दोन शब्द आहेत, बाबा. म्हण आणि घरी चल.

"देणार नव्हती," तो म्हणाला. "तिच्याकडे खायलाच पैसे नव्हते, तर वकील कुठला? मी दर शनिवारी सामान नेऊन द्यायचो. बहिणीला चालत नव्हतं म्हणून मागच्या दाराने. आमचं पटत नव्हतं ते खरं, पण म्हणून तिने कोर्टात एकटीने उभं राहावं असं काही माझ्या मनात नव्हतं. फी मी भरतो असं मीच म्हणालो होतो. टॅक्सचं नंतर सुचलं."

"नंतर म्हणजे?"

"पंधरवड्याने."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

निकाल तिथल्या तिथे झाला. नाव कोणी कशासाठीही घातलं असो, रक्कम आधारासाठी होती. पुसली जाणार नाही. एवढ्यासाठीच तो कोर्टात आला होता आणि नेमकं तेवढंच हरला.

बाहेर आल्यावर आर्लीनने आभार मानले नाहीत. "तू गाढव होतास तो गाढवच राहिलास," म्हणाली आणि नाक पुसत जिन्याकडे निघाली. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली. "जाताना गाडी हळू चालवा. पुलावर बर्फ आहे."

 परतताना गाव आल्यावर साहेब म्हणाले, "नोरीन, घराचा रकाना बदलून घे." मी 'ठेवणार'वर काट मारली आणि 'सोडणार' लिहिलं. वर्लिनने गाडीतच, गुडघ्यावर फाईल ठेवून सही केली. मग मला विचारलं, "बँकेची माणसं कधी येतील?"

"त्यांना घाई नसते. मार्च उजाडेल."

"तोवर घर तापवणार कोण?"

"कुणी नाही."

"मग पाणी गोठून पाइप फुटतील की," तो म्हणाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात किल्ली आणायला मी गेले. खोल्या रिकाम्या होत्या आणि झाडूनपुसून ठेवल्या होत्या. वर्लिन तळघरातून कठड्याला धरत, एकेक पायरी थांबत वर आला. पंपाची वीज तोडून, टाकी रिती करून, सगळ्या नळ्या हवेने फुंकून त्याने घर कोरडं केलं होतं. बँकेसाठी. त्या कामाचे तो लोकांकडून दोनशे डॉलर घेतो.

"कशाला एवढं?" मी चिडून विचारलं.

"इथे कुणीतरी राहायला येईलच ना, बाई."

त्याने किल्ली माझ्या हातात दिली. स्वयंपाकघरातल्या नळाला चिकटपट्टीने एक कागद लावला होता, मोठ्या अक्षरांत लिहिलेला: 'पाणी बंद आहे. आधी खालचा कॉक उघडा. सावकाश. विहीर चांगली आहे.'