शेवटचा रकाना

मी जन्माची वही बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, कुणी वाचलं तर! एरवी माझं तोंड शिवलेलंच. आणि सगळं ठाऊक असून गप्प बसण्याचा जाच काय असतो, तो मी सोलापुरात पुरेपूर भोगला.

मूळची मी सांगोल्याकडच्या एका माळरानावरच्या गावची. जाड कागद, लाल कापडाची पाठ आणि पानापानावर आखलेले आठ रकाने. कुळकर्ण्याच्या बोरूनं मी मोडी अक्षरांत भरत गेले. माणसांची एक तऱ्हा सांगते. पोर झालं की गूळ वाटायला घाई, वहीत नोंद करायला मात्र आज जाऊ, उद्या जाऊ. त्यातून आले तरी बारसं झालेलं नसायचं. म्हणून माझ्यात पोरांची नावंच नाहीत. नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी'.

१९१८ सालची धुळवड मला लख्ख आठवते. रावजी सरगर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरांचा वाडा बसला होता. रानाला खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतो, मेंढक्याला धान्य देतो, आणि चार दिवसांनी वाडा पुढच्या गावाला हलतो. त्या वाड्यावर सोनाबाई नावाची बाई बाळंत झाली, मुलगी झाली. रान रावजीचं, म्हणून खबर द्यायला रावजीच आला. पोरीचा बाप भीमा घोंगडी पांघरून दारातच उभा राहिला. कुळकर्णी बोरू खाली ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आमची कुळी बी लिवा की. आमी फिरस्ती माणसं. उद्या कुटं असू, काय ठावं?"

कुळीसाठी रकाना नव्हता. कुळकर्णी कुरकुरला, पण माणूस भला. शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, त्यानं बारीक अक्षरात लिहिलं. भीमानं ते कुळकर्ण्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच पायात वहाणा घातल्या.

पुढं गावोगावची जुनी दप्तरं सोलापूरच्या एका कचेरीत गोळा झाली, त्यात मीही आले. बासनात बांधून मला फळीवर टाकलं. अठरा वर्षं कुणी हात लावला नाही. हात लावला तो कागद खाणाऱ्या कसरीनं, आणि मेली लागली नेमकी त्याच पानाला.

मग एके दिवशी निंगप्पा सरगर नावाच्या गृहस्थानं त्या नोंदीची नक्कल मागितली. नक्कल करणाऱ्याला जेवायची घाई. त्यानं रकान्यांची नावं गाळली, शेरा गाळला आणि एका ओळीत उतरवलं: 'मुलगी. सोनाबाई. भीमा. रावजी सरगर.' आता हे वाचून कुणीही काय म्हणेल? बापाचं नाव भीमा रावजी सरगर! अरे, रावजी खबर देणारा, बाप नुसता भीमा! मी आतल्या आत आक्रोश करत होते, पण माझं ऐकतो कोण?

दोन दिवसांनी निंगप्पा परत आला. बरोबर गिरणीत काम करणारी केराबाई आणि तिनं वाढवलेली मायाक्का. केराबाईनं कारकुनाला सगळं सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत इथं सोलापुरात भीमा गेला, मागोमाग सोनाबाई. जाताना तिनं पाणी पाजणाऱ्या केराबाईच्या ओटीत सहा महिन्यांची पोर घातली. नवऱ्याचं नाव, गाव आणि धुळवड एवढंच सांगितलं. कुळी विचारायची शुद्ध तेव्हा होती कुणाला? चाळीतल्या बाया मात्र पोरीला 'टाकलेली' म्हणत राहिल्या.

निंगप्पाचा पुतण्या जोतीराम याच्याशी मायाक्काचं ठरलं होतं. नक्कल पाहून निंगप्पाचं डोकं फिरलं. पोरगी सरगर, पोरगा सरगर. एका कुळीतली म्हणजे बहीण-भाऊच. उद्या सकाळी दुसरीकडे सुपारी फोडायला निघतो, म्हणाला. केराबाईनं हातापाया पडून त्याला एकदा मूळ वही ऐकायला आणलं होतं.

कारकुनानं मला उघडलं. रकान्यांची नावं न घेताच बोट फिरवत वाचलं आणि रावजी सरगर हे नाव आल्याबरोबर निंगप्पा केराबाईला म्हणाला, "ऐकलंस न्हवं?" मायाक्कानं पदर तोंडाला लावला. कारकून मला मिटायला लागला. संपलं, मला वाटलं.

केराबाईनं पानावर पंजा ठेवला. "साहेब, मला वाचता येत न्हाय, पर गिरणीत तुटका धागा हुडकायचंच काम करतीया. हितं आठ घरं हायती. तुमी सातच वाचली."

कारकून चिडला, पण वाकला. शेरा कसरीनं कुरतडलेला, शाई उडालेली. त्यानं मला खिडकीशी नेलं आणि अडखळत वाचू लागला. "खबर देणार रावजी सरगर यांचे रानात... मेंढरं बसली होती... मुलीचा बाप भीमा, फिरस्ता... कुळी..." पुढं भोक होतं. निंगप्पा जवळ सरकला. माझा जीव त्या दोन अक्षरांत गोळा झाला होता. कारकुनानं नखानं कागदाची घडी उलगडली. भोकाच्या काठाला अक्षरं शाबूत होती.

"हाके. भीमा हाके."

निंगप्पानं पटका काढून तोंड पुसलं. "चुकलं माझं, केराबाई. सुपारी आता तुमच्याच दारात फोडू."

मायाक्काचं लक्ष मात्र माझ्याकडेच होतं. तिनं विचारलं, "साहेब, कुळी लिवा म्हून कुणी सांगितलं?"

"ते काही लिहिलेलं नाही, बाई."

"मग तेवढंच परत वाचा."

कारकुनानं दुसऱ्यांदा वाचलं. मग मला बासनात बांधून फळीवर ठेवलं. अजून तिथंच आहे. कसर पुढं सरकतेय, माझे दिवस थोडेच आहेत. जुनी नोंद काढाल तेव्हा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा, एवढंच मागणं.

आणि कधी मायाक्का भेटली तर तिला सांगा. माझ्यात ते लिहिलेलं नाही, पण मी पाहिलंय. तिच्या बापानं सांगितलं होतं. दारात उभं राहून, दोनदा वाचून घेतलं होतं.